दाखल्यावर इयत्ता असते, पायरी नसते

डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा त्यांच्यापुढची अडचण सरळ होती. मुलं शाळेत येत नव्हती. सकाळी गुरं घेऊन रानात जायचं असायचं आणि थोरल्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. आईबापांना शिक्षणाचं महत्त्व सांगणारी भाषणं देता आली असती. त्याऐवजी या दोघींनी शाळाच उचलली आणि कुरणात नेली. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली शिकताहेत, ही ‘कुरणशाळा’. भावंडांचा प्रश्न सोडवायला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे थोरलीला घरी थांबायचं कारणच उरलं नाही. त्या रचनेचं नाव ‘विकासवाडी’.

आता अशी कल्पना करा, की कुरणशाळा आज मान्यता मागायला शिक्षण विभागाच्या दारात उभी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांची खोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, मैदान, कुंपण किंवा भिंत, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास. कुरणाला भिंत नसते. अर्ज परत येईल. त्यावर शेरा बहुधा असा असेल: ‘सदर विद्यार्थ्यांचे नजीकच्या शाळेत समायोजन करावे.’

हा लेख त्या ‘समायोजन’ नावाच्या गुळगुळीत शब्दाबद्दल आहे. वेगळ्या पद्धतीने, मुलागणिक चालणारी शाळा नेहमीच्या शाळेत मिसळली की नेमकं काय होतं, ती मिसळण्यामागे कोणती यंत्रणा असते, आणि वाचवायचंच झालं तर काय वाचवायचं, हे समजून घेऊ.

आधी ‘मुलागणिक’ म्हणजे काय ते पाहू, कारण या शब्दाचा बराच गैरवापर होतो. पंचवीस मुलांच्या वर्गात बाईंनी प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवला म्हणजे व्यक्तिगत शिक्षण झालं असं नाही. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने लहान खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी एक पद्धत तयार केली. तिचा गाभा म्हणजे भिंतीवर लावलेली एक शिडी. पाठ्यपुस्तकाचे धडे मोडून त्यांच्या लहान लहान पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीसाठी कार्डं: काही ओळख करून देणारी, काही सरावाची, काही तपासणीची, अडलेल्यासाठी वेगळी, पुढे गेलेल्यासाठी वेगळी. कार्डावर चित्र असतं, त्यावरून मुलाला कळतं की हे कार्ड बाईंबरोबर करायचं, हे मित्राबरोबर आणि हे एकट्याने. सात वर्षांचं मूल आणि नऊ वर्षांचं मूल एकाच गटात बसू शकतं, कारण गट वयाचा नसून कामाचा असतो.

समजा, एक नऊ वर्षांची मुलगी आहे. कापणीच्या दिवसांत ती तीन आठवडे शाळेत आली नाही. परत आली की ती शिडीवर आपलं ठिकाण शोधते, शेवटचं कार्ड काढते आणि तिथून पुढे निघते. नेहमीच्या वर्गात तीच मुलगी परत येते तेव्हा वर्ग तीन धडे पुढे गेलेला असतो. पहिल्या शाळेत ती मध्ये थांबली होती, एवढंच. दुसऱ्या शाळेत ती ‘मागे पडली’. मुलगी तीच, तिला येतंय तेही तेवढंच, फक्त मोजायची पट्टी बदलली.

ही पद्धत फक्त ध्येयवेड्या खासगी संस्थांनाच जमते असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी कर्नाटकाकडे पाहावं. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या सरकारी शिक्षकांनी ऋषी व्हॅलीचं काम पाहून आपल्या शाळांपुरती तशी पद्धत बसवली. तिचं नाव ‘नली कली’, म्हणजे आनंदाने शीक. पुढे ती राज्यभरातल्या सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांत गेली. तेव्हा सरकारी शाळेत हे होऊ शकतं, होतंही.

आता मुद्द्याची गोष्ट. मूल एका शाळेतून दुसरीत जातं तेव्हा त्याच्याबरोबर काय जातं? शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर नाव, जन्मतारीख, जात, इयत्ता, प्रगती, वर्तणूक. वर्तणूक बहुतेक सगळ्यांची ‘चांगली’ असते. शिडीवरच्या पायरीसाठी त्या कागदावर रकानाच नाही. समायोजनात मूल जातं, बाकं जातात, कपाट जातं, शिक्षकाचं पद इकडून तिकडे होतं, कारण या सगळ्यांची कुठे ना कुठे नोंद आहे. ज्याची नोंद नाही ते मागेच राहतं. दुष्ट हेतू कुणाचाच नसतो. एक फॉर्म असतो आणि त्यात जागा नसते.

महाराष्ट्रात हा विषय तापला तो सप्टेंबर २०२३ मध्ये. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्यासाठी प्रस्ताव पाठवा, असं पत्र शिक्षण आयुक्तालयातून जिल्ह्यांना गेलं. नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या आणि पुण्याजवळच्या पानशेतच्या समूह शाळांचं उदाहरण त्यात होतं. आकडे होते ते असे: १ ते २० पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. गदारोळ झाल्यावर शाळा बंद करण्याचा हेतू नाही असा खुलासा शासनाकडून आला. त्याआधी २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता, त्यावरही असंच वादळ उठलं होतं.

त्या आकड्यांचा भागाकार करून पाहा. एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं. एका शिक्षकामागे सहाच्या थोडी वर. मंत्रालयातल्या टेबलावर हा आकडा उधळपट्टीसारखा दिसतो, आणि पगाराचा खर्च बघणाऱ्याला तो तसा दिसणारच, त्यात त्याची चूक नाही. पण शहरातल्या महागड्या शाळांच्या होर्डिंगवर ‘पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक’ हे अभिमानाने छापलेलं असतं. तिथे लहान आकडा हा दर्जा असतो आणि पाड्यावर तो अपव्यय ठरतो. गंमत आहे.

तरीही इथे एक कबुली द्यायलाच हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. पट नऊ आहे म्हणून तिथे आपोआप मुलागणिक शिक्षण चालतं असं मुळीच नाही. दोन शिक्षकांपैकी एक कायम ऑनलाइन माहिती भरण्यात किंवा बैठकीला, दुसरा चार इयत्तांना फळ्यावरून एकच उतारा उतरवायला लावतोय, अशा शाळाही आहेत. अशा ठिकाणी मुलांना दोस्तही कमी आणि शिक्षणही कमी. तिथलं मूल मोठ्या, चांगल्या शाळेत गेलं तर त्याचं भलंच होईल. त्यामुळे ‘लहान शाळा वाचवा’ आणि ‘वेगळी शाळा वाचवा’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली अंतराची आहे, दुसरी पद्धतीची. दोन्ही एकत्र मांडल्या की सरकारला दोन्हींचं उत्तर एका बसने देता येतं.

बसचं उत्तर वाईट नसतं. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. ती नसेल तिथे वाहतुकीची सोय करावी लागते. पण बस एका ठरलेल्या वेळी येते. गुरं परत यायची वाट ती पाहत नाही, आणि कडेवरचं भावंड तिच्यात चालत नाही. कोसबाडच्या बायांनी जे कोडं सोडवलं होतं ते बस पुन्हा जसंच्या तसं आणून ठेवते.

आता ज्या कायद्यावर वर टीका केली त्याची बाजूही ऐकायला हवी. सगळ्या शाळांना एकच माप लावायचा आग्रह कुठून आला? समतेच्या मागणीतून. २००० च्या आसपास महाराष्ट्रात वस्तीशाळा सुरू झाल्या. जिथे शाळा नव्हती अशा वस्त्यांवर गावातलाच एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी स्वयंसेवक म्हणून शिकवू लागली, तेही महिन्याला हजार रुपयांच्या आसपास मानधनावर. या शाळांनी हजारो मुलांना पहिल्यांदा पाटी धरायला लावली. पण प्रश्न बोचरा होता: गरिबाच्या मुलाला हजार रुपयांचा शिक्षक आणि बाकीच्यांना पगारी, प्रशिक्षित शिक्षक, हे कुठवर? वस्तीशाळा पुढे नियमित प्राथमिक शाळा झाल्या, आणि तिथल्या निमशिक्षकांनी वर्षानुवर्षं लढून नियमित शिक्षकाचा दर्जा मिळवला. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला तो याच भावनेतून, की दुय्यम दर्जाची शाळा आता कुणालाच नको.

म्हणजे ज्या मापाने वस्तीवरच्या मुलाला न्याय मिळाला, त्याच मापात कुरणशाळा बसत नाही. ‘पर्यायी’ या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक, पैसे वाचवायला केलेली कमअस्सल सोय. दुसरी, मुलाचा विचार करून मुद्दाम वेगळी बांधलेली शाळा. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी उभं केलेलं सृजन आनंद विद्यालय, फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्याचं अक्षरनंदन, या शाळांकडे कुणी सोय म्हणून पाहणार नाही. पण कायद्याच्या कलमाला हा फरक डोळ्यांनी दिसत नाही. ते भिंत मोजतं, कारण भिंत मोजता येते. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत, अशी तरतूद कलम १८ मध्ये आहे. छोट्या संस्थेचं धाबं दणाणायला तेवढं पुरतं.

आणि गंमत अशी की त्याच कायद्याच्या पोटात वेगळ्या शाळेची बाजूही लिहिलेली आहे, फक्त ती कुणी मोठ्याने वाचत नाही. कलम २४ सांगतं की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला लागेल तेवढं जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. कलम २९ कृतीतून, शोधातून, मुलाला केंद्रस्थानी ठेवून शिकवायला सांगतं आणि शक्य तिथवर मातृभाषेतून. कलम ४ म्हणतं की शाळाबाह्य मुलाला वयानुसार वर्गात घ्या, आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. परिशिष्टातली भिंत आणि कलम २४ मधलं मूल एकाच कायद्यात राहतात. तपासणीला येणारा अधिकारी परिशिष्टाची यादी घेऊन येतो, कारण कलम २४ वर टिकमार्क करता येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच. सातव्या प्रकरणात लहान शाळांचा हिशोब मांडलाय: २०१६-१७ मध्ये देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी सुमारे २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं, एकशिक्षकी शाळा १,०८,०१७. त्यावर उपाय म्हणून शाळा संकुल, म्हणजे एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातल्या खालच्या शाळा मिळून एक गट. कल्पना जुनी, कोठारी आयोगाची. मुळात संकुल म्हणजे शाळा आपापल्या जागी राहून ग्रंथालय, प्रयोगशाळा, चित्रकलेचे शिक्षक वाटून घेणार. पण कागदावरून खाली उतरताना ‘वाटून घ्या’चं ‘एकत्र करा’ कधी होतं ते कळतही नाही. त्याच धोरणाच्या दुसऱ्या पानांवर मात्र लिहिलंय की पर्यायी शिक्षणाच्या नमुन्यांना वाव मिळावा म्हणून शाळांवरच्या अटी सैल कराव्यात, आणि पर्यायी शाळांना त्यांची शिकवण्याची पद्धत जपायला प्रोत्साहन द्यावं. दोन्ही वाक्यं खरी. तुमच्या तालुक्यात कोणतं पान उघडलं जाईल हे बऱ्याचदा बजेट ठरवतं.

अपंग मुलांच्या बाबतीत कायदा जास्त स्पष्ट बोलतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ नुसार ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा ‘त्याच्या पसंतीची’ विशेष शाळा, यांपैकी कुठेही मोफत शिकण्याचा हक्क आहे. ‘पसंती’ हा शब्द तिथे आहे. बाकीच्या मुलांसाठी कायद्यात तो शोधूनही सापडत नाही. घरी शिकवणारे पालक म्हणूनच राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा आधार घेतात. तिथे चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, आणि मधल्या वर्षांत रोज कोणत्या बाकावर बसलात हे कुणी विचारत नाही.

मापाचा हा झगडा कुठे कोर्टापर्यंत गेला असेल तर तो इंग्लंडमध्ये. समरहिल ही ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेली निवासी शाळा. तासाला बसायचं की नाही हे तिथे मूल ठरवतं आणि शाळेचे नियम मुलं-शिक्षक सभेत एकेक मत देऊन करतात. १९९९ मध्ये सरकारी तपासणी झाली आणि सुधारणा करा, नाहीतर नोंदणी जाईल अशी नोटीस आली. मुख्य आक्षेप अर्थातच मुलं तासाला बसत नाहीत हा. शाळेने दाद मागितली. मार्च २००० मध्ये लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीत सुनावणी सुरू झाली आणि काही दिवसांतच सरकारी बाजूने तडजोड पुढे केली. शाळेच्या मुलांनी तिथेच, कोर्टाच्या खोलीत, आपली सभा भरवली, चर्चा केली आणि मतदान करून ती स्वीकारली. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एकच. यापुढे तपासणी करताना शाळेचं स्वतःचं तत्त्वज्ञान आणि मुलांचं म्हणणं विचारात घेतलं जाईल, हे तडजोडीत लिहून घेतलं गेलं. ‘तपासू नका’ असं समरहिल म्हणाली नाही. आम्ही जे करतो म्हणतो ते करतो का, हे तपासा, एवढंच मागितलं आणि कागदावर आणलं.

आपल्याकडे हे कागदावर आणायचं कसं? सरकारी आणि अनुदानित शाळेत त्याची जागा आहे ती शाळा व्यवस्थापन समिती. तीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. बहुतेक गावांत ही समिती म्हणजे सह्यांचं रजिस्टर. पण शाळा विकास आराखडा तिनेच करायचा असतो आणि पद्धत तिथे लिहिता येते: आमच्याकडे मिश्र वयाचे गट आहेत, मुलांच्या नोंदी अशा ठेवल्या जातात, सुगीत वेळापत्रक असं बदलतं. समायोजनाची चर्चा सुरू झाल्यावर घाईने केलेल्या ठरावापेक्षा दोन वर्षं जुन्या आराखड्यातलं एक वाक्य जड भरतं. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांनाही वर सांगायला काहीतरी हातात लागतं, आणि त्यांच्यातले बरेच जण मनाने शाळेच्याच बाजूचे असतात.

निर्णय झालाच, तर शाळेबरोबर पद्धतही हलवा अशी मागणी करता येते. म्हणजे इथली बाई मुलांबरोबरच तिकडे जावी, तिची बदली तिसऱ्याच तालुक्यात होऊ नये. पहिलं वर्षभर ही मुलं तिकडेही गटातच बसावीत, लगेच इयत्तावार वाटली जाऊ नयेत. हक्क डावलला गेला असं वाटलं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. तोंडी तक्रारीला तारीख नसते, म्हणून अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

आणि यातलं काहीच जमलं नाही, मूल उद्यापासून नव्या शाळेत जाणारच आहे, असं असेल तर बाईंकडून दाखल्याबरोबर एक साधं पान मागून घ्या. त्यावर गुण नकोत. तिला हातच्याची वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरणात ती अडते. गोष्ट मोठ्याने वाचते, पण जोडाक्षराशी थांबते. घरी कातकरी बोलते, म्हणून पहिले दोन महिने प्रश्न दोनदा विचारा. सुगीत तीन आठवडे येणार नाही, परत येईल. खाली बाईंची सही आणि तारीख. नव्या शाळेच्या फाइलीत या कागदाला रकाना नाही, तेव्हा तो दाखल्याच्या मागे टाचणीने लावून द्या.